थांबलेल्या प्रोसेसरची साक्ष



मागच्या भागात आपण तार आणि टेलिफोनच्या इतिहासात फिरलो. आजचा विषय नुसता ऐकायला जरा रुक्ष वाटेल. कधीच बंद पडू नये म्हणून बांधलेल्या एका संगणकाची ही गोष्ट आहे. त्यातही आपण बोलणार आहोत ते त्या संगणकाचा एखादा प्रोसेसर थांबला, तर समोर बसलेल्या माणसाने द्यायच्या कमांडबद्दल. कमांडला मी हुकूमच म्हणणार. सगळी नोकरी हुकूम घेण्यात आणि देण्यात गेली, त्यामुळे तो शब्द माझ्या अंगवळणी पडलेला आहे. हुकूम कोणता द्यायचा हे बहुतेकांना पाठ असतं. कोणता आधी आणि कोणता नंतर, इथे खरी परीक्षा होते. आजची सगळी गोष्ट त्या क्रमाची आहे.

बंद पडणं ज्यांना परवडत नव्हतं

सुरुवात टेलिफोनपासूनच करू. अमेरिकेत १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सकासुना या गावी बेल कंपनीचं पहिलं मोठं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं. अभियंत्यांपुढे उद्दिष्ट काय ठेवलं होतं? चाळीस वर्षांत मिळून फार तर दोन तास बंद. त्यासाठी त्यांनी सगळं दुहेरी केलं. एक प्रोसेसर काम करतोय, दुसरा तेच काम सोबतीने करतोय. पहिला गेला की दुसरा पुढे.

टेलिफोन कंपनीकडे पैसा होता, वेळ होता, स्वतःची प्रयोगशाळा होती. बँकांकडे यातलं काही नव्हतं. १९७०च्या दशकात बँकांनी खाती संगणकावर आणली, एटीएम आली, आणि त्यांच्या लक्षात आलं की संगणक बंद पडला की बँकच बंद पडते. त्या काळच्या नीट सांभाळलेल्या मोठ्या यंत्रणेचंही गणित असं होतं : साधारण दोन आठवड्यांतून एकदा बंद आणि पूर्ववत व्हायला दीड तास. म्हणजे ९९.६ टक्के वेळ चालू. परीक्षेत एवढे गुण मिळाले तर पेढे वाटू. पण तो दीड तास पगाराच्या दिवशी आला तर काय होतं, ते काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तेव्हा जिमी ट्रेबिग नावाचे एक गृहस्थ विक्री विभागात होते. गिऱ्हाईक दोन-दोन संगणक घेतात आणि ते एकमेकांना जोडायचा खटाटोप स्वतःच करतात, हे त्यांनी पाहिलं. हीच गोष्ट तयार विकत मिळाली तर? या एका प्रश्नावर त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना घेऊन १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात टँडेम कॉम्प्युटर्स ही कंपनी काढली. टँडेम म्हणजे दोघांनी मिळून पायडल मारायची सायकल. एक दमला तरी सायकल चालत राहते. पहिलं यंत्र १९७६ मध्ये सिटीबँकेत गेलं. नाव टँडेम-१६, कारण त्यात दोनापासून सोळापर्यंत प्रोसेसर बसवता येत. पुढे हे घराणं 'नॉनस्टॉप' या नावाने ओळखलं गेलं.

राखीव कुणीच नाही

आता रचना समजून घेऊ. ती समजली की पुढचे हुकूम आपोआप समजतील.

टँडेममध्ये कुठलाही प्रोसेसर नुसता राखीव म्हणून बसलेला नसतो. प्रत्येकाची स्वतःची मेमरी, स्वतःचं काम. आपसात बोलायला दोन स्वतंत्र बस, म्हणजे निरोपांचे दोन रस्ते : एक्स आणि वाय. एक तुटला तर दुसरा आहे. प्रत्येक डिस्कचा कंट्रोलर दोन प्रोसेसरना जोडलेला. महत्त्वाच्या डिस्क जोडीने ठेवायच्या आणि दोघींवर तीच माहिती लिहायची.

पण खरी करामत सॉफ्टवेअरमध्ये होती. तिथल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव गार्डियन. महत्त्वाचा प्रत्येक प्रोग्राम जोडीने चालतो. मुख्य प्रत एका प्रोसेसरवर, जोडीदार दुसऱ्यावर. मुख्य प्रत काम करत जाते आणि ठरावीक टप्प्यांवर जोडीदाराला कळवते : 'इथपर्यंत झालं.' या निरोपाला चेकपॉइंट म्हणतात. मुख्य प्रत गेली, तर जोडीदार शेवटच्या चेकपॉइंटपासून पुढे काम घेतो. तोपर्यंत तो ज्या प्रोसेसरवर असतो, तो प्रोसेसर इतर आपली नेहमीची कामं करतच असतो.

सैन्यात याला टूआयसी म्हणतात, सेकंड-इन-कमांड. कमांडर जखमी झाला तर त्याने सूत्रं घ्यायची असतात, पण त्यासाठी तो तंबूत वाट पाहत बसलेला नसतो. त्याला स्वतःची ड्यूटी असते. एवढंच की कमांडरच्या मनात काय आहे, हे त्याला वेळोवेळी सांगितलेलं असतं. ते सांगितलेलं नसेल तर टूआयसी असून नसल्यासारखा.

'मी जिवंत आहे'

एखादा प्रोसेसर गेला हे बाकीच्यांना कळतं कसं? उत्तर इतकं साधं आहे की आमच्या सिग्नलवाल्यांना ते ऐकून घरच्यासारखं वाटेल. रात्री वायरलेसवर ठरलेल्या वेळी रेडिओ चेक होतो. प्रत्येक चौकी हजेरी देते. ज्याची हजेरी आली नाही, त्याची चौकशी सुरू.

टँडेमचा प्रत्येक प्रोसेसर साधारण सेकंदागणिक दोन्ही बसवरून सगळ्यांना एक छोटा निरोप पाठवतो. इंग्रजीत त्याचं नावच 'आय ॲम अलाइव्ह', मी जिवंत आहे. बाकीचे त्याच्या साधारण दुप्पट अंतराने तपासतात : अमक्याचा निरोप आला का? नाही आला तर तो गेला असं धरायचं, आणि त्याच्यावरच्या कामांच्या जोडीदारांना पुढे करायचं. जोएल बार्टलेट यांनी या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल जे शोधनिबंध लिहिले, त्यांत हे सगळं सविस्तर आलेलं आहे.

इथे एक मेख आहे. समजा, एखादा प्रोसेसर मेला नाही, नुसता अडखळला. बाकीच्यांनी त्याला मृत ठरवलं, जोडीदाराने काम हाती घेतलं, आणि तेवढ्यात हा जागा होऊन डिस्कवर लिहायला लागला. एका खात्याला दोन मालक! गेलेल्या प्रोसेसरपेक्षा हा अर्धवट जिवंत प्रोसेसर जास्त घातक. म्हणून पुढच्या काळात यंत्रांमध्ये अशी रीत आली की कोण आत आणि कोण बाहेर, हे सगळ्या प्रोसेसरनी फेऱ्याफेऱ्यांनी आपसात पक्कं करायचं. बाहेर ठरलेला पुन्हा बोलू लागला तर त्याला एक खास निरोप जातो. अभियंत्यांनी त्याला नाव दिलंय 'पॉयझन पॅकेट', विषाची पुडी. तो मिळाला की त्या प्रोसेसरने स्वतःहून थांबायचं.

या सगळ्याच्या मुळाशी 'फेल-फास्ट' नावाचं तत्त्व आहे. स्वतःत काही विसंगती दिसली की प्रोसेसरने ओढूनताणून पुढे जायचं नाही. मेमरीत दुरुस्त न होणारी चूक सापडली, किंवा ऑपरेटिंग सिस्टिमला आपल्याच नोंदी जुळेनात, तर जागच्या जागी थांबायचं आणि थांबण्याचं कारण एका आकड्यात सांगायचं. या आकड्याला हॉल्ट कोड म्हणतात. म्हणजे टँडेमवर थांबलेला प्रोसेसर हा बहुतेक वेळा आपलं शेवटचं कर्तव्य बजावलेला प्रोसेसर असतो.

हुकुमांचा क्रम

आता रात्रीचे दोन वाजलेत असं समजा. बँकेच्या संगणक केंद्रात एकटा ऑपरेटर बसलाय. कन्सोलवर ओळ येते की तीन नंबरचा प्रोसेसर डाउन झाला. बाहेर कुणाला काही कळलेलं नाही. एटीएममधून नोटा येतायत. यंत्राने आपलं काम केलं. आता माणसाचं काम सुरू.

पहिलं काम, बघणं. थांबलेल्या प्रोसेसरचा हॉल्ट कोड टिपून घ्यायचा. जुन्या यंत्रांवर तो पॅनलवरच्या दिव्यांवरून वाचावा लागे, पुढे तो देखभालीच्या प्रोग्रामच्या पडद्यावर दिसू लागला. टँडेमच्या जगात आकड्याच्या आधी टक्क्याचं चिन्ह असेल तर तो आकडा अष्टमान पद्धतीचा, म्हणजे त्यात शून्य ते सात एवढेच अंक. हॉल्ट कोडचा अर्थ सांगणारं एक स्वतंत्र मॅन्युअलच असतं. कोड कागदावर लिहायचा, वेळ लिहायची. लक्षात राहील असं म्हणायचं नाही.

दुसरं काम, उरलेल्यांची खबर घेणं. ऑपरेटर ज्या भाषेत यंत्राशी बोलतो तिचं नाव टॅकल. तिच्यात 'स्टेटस' असा हुकूम आहे. पुढे तारा, म्हणजे फुली टाकली की सगळ्या प्रोसेसरवर चाललेल्या कामांची यादी येते. ज्या प्रोसेसरच्या नावाने एकही ओळ नाही, तो गेलेला. मग 'पीपीडी' हा हुकूम. हा नावानिशी चालणाऱ्या कामांची यादी देतो : मुख्य प्रत कोणत्या प्रोसेसरवर, जोडीदार कोणत्या. ही यादी वाचताना घाम फुटतो, कारण जिथे जोडीदाराचा रकाना रिकामा दिसतो, तिथे आता टूआयसी उरलेला नाही. यंत्र चालू आहे, पण त्या कामांपुरतं एकाच पायावर.

तिसरं काम, साक्ष घेणं. हुकुमाचं नाव 'रिसीव्ह डंप', लिहिताना 'आरसीव्हीडंप'. हुकुमात सांगायचं असतं की कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या प्रोसेसरची मेमरी, आणि कोणत्या बसवरून. थांबलेल्या प्रोसेसरची मेमरी अजून शाबूत असते. थांबण्याच्या क्षणी त्यात जे होतं ते सगळं तिथे आहे : कोणता प्रोग्राम चालू होता, कोणते निरोप रांगेत होते, कोणत्या नोंदीत गफलत झाली. चालू असलेला एखादा प्रोसेसर ती सगळी मेमरी बसवरून ओढून डिस्कवर उतरवून घेतो. एका अर्थी हा पंचनामाच. प्रोसेसरची वीज काढली किंवा त्याला भलत्या पद्धतीने रीसेट केलं, तर पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढल्यासारखं होतं.

चौथं काम, पुन्हा उभं करणं. हुकूम 'रीलोड'. चालू प्रोसेसर थांबलेल्याला ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने भरून देतो, तीही बाकीचं काम न थांबवता. हे असले हुकूम कुणालाही देता येत नाहीत. गार्डियनमध्ये वापरकर्त्यांचे गट असतात, आणि २५५ नंबरच्या 'सुपर' गटातल्यांनाच असला अधिकार असतो. रीलोड झाला की बाकीच्या प्रोग्रामना निरोप जातो, प्रोसेसर परत आला. मग ते आपापले जोडीदार त्याच्यावर पुन्हा बसवतात. ऑपरेटरने परत एकदा 'पीपीडी' द्यायचा आणि रिकामे रकाने भरले का ते डोळ्यांनी पाहायचं.

शेवटी डंपची फाइल टेपवर घ्यायची आणि कंपनीकडे पाठवायची. तिथले तज्ज्ञ 'क्रंच' नावाच्या प्रोग्रामने, आणि पुढच्या पिढीच्या यंत्रांसाठी 'गार्थ' नावाच्या प्रोग्रामने, ती मेमरी चाळून काढत.

पाहा, बघणं, खबर, साक्ष, आणि मग पुन्हा उभं करणं. चार कामं, पण तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या फटीत सगळा इतिहास अडकलेला आहे.

आधी साक्ष की आधी रीलोड?

त्या ऑपरेटरच्या जागी स्वतःला ठेवा. डंप घ्यायला वेळ लागतो, मेमरी जितकी मोठी तितका जास्त. तेवढा वेळ यंत्र एका पायावर उभं राहणार. त्या काही मिनिटांत त्या जोडीतला दुसरा प्रोसेसर गेला तर जोडीदार नसलेली कामं खरोखर बंद पडतील, आणि सकाळी जाब याच ऑपरेटरला विचारला जाईल. उलट त्याने आधी रीलोड दिला, तर पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. साहेब खूश, गिऱ्हाईक खूश. फक्त मेमरीवर नवीन ऑपरेटिंग सिस्टिम चढली आणि साक्ष कायमची पुसली गेली.

आपल्यापैकी बरेच जण म्हणतील, पुसली तर पुसली! परत झालं तर तेव्हा बघू. याचं उत्तर द्यायला आपल्याला जिम ग्रे या माणसाकडे जावं लागेल.

जिम ग्रे डेटाबेसच्या क्षेत्रातले मोठे शास्त्रज्ञ. १९८० मध्ये आयबीएम सोडून ते टँडेममध्ये आले, १९९८चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. जानेवारी २००७ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रात एकटेच शिडाची बोट घेऊन गेले आणि परत आले नाहीत. बोटीचाही शोध लागला नाही. या ग्रे यांनी १९८५ मध्ये एक अहवाल लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ असा : संगणक का थांबतात आणि त्याबाबत काय करता येईल?

त्यांनी दोन हजारांहून जास्त टँडेम यंत्रांच्या सात महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नव्या उत्पादनांचे सुरुवातीचे बिघाड बाजूला काढले, आणि जी यंत्रणा पूर्णच बंद पडली तिची कारणं मांडली. हार्डवेअर फक्त १८ टक्के. वीज, वातानुकूलन वगैरे परिसर १४ टक्के. सॉफ्टवेअर २५ टक्के. आणि सगळ्यात मोठा वाटा, ४२ टक्के, माणसांचा : यंत्र चालवणं, त्याची मांडणी आणि देखभाल. ज्या यंत्राने हार्डवेअरचा बिघाड पचवून दाखवला, ते आता माणसाच्या हातून बंद पडत होतं. साहजिकच आहे. दोन सारख्या पेट्या शेजारी आहेत, एक थांबलेली, एक सगळा भार घेऊन उभी. दुरुस्तीला आलेल्या माणसाने चुकीची उपसली, की संपलं.

पण आपल्या प्रश्नाचं उत्तर सॉफ्टवेअरच्या भागात आहे. जोडीदाराकडेही तोच प्रोग्राम असतो, अक्षरन् अक्षर तोच. मग ज्या चुकीने मुख्य प्रत पडली त्याच चुकीने जोडीदार का पडत नाही? ग्रे म्हणतात, कारण चुका दोन जातींच्या असतात. एक पक्की चूक. तेच केलं की तेच होतं. अणूच्या सुबक चित्रामुळे लक्षात राहिलेल्या नील्स बोर यांच्यावरून तिचं नाव 'बोरबग'. या चुका बहुतेक कारखान्यातच सापडून दुरुस्त होतात. दुसरी चूक निसटती. दोन कामं अमुकच क्षणी एकमेकांसमोर आली, अमुकच रांग भरलेली होती, तरच ती उमटते. पाहायला गेलं की गायब. अनिश्चिततेचा सिद्धांत मांडणाऱ्या हायझेनबर्ग यांच्यावरून तिचं नाव 'हायझेनबग'. ग्रे यांनी प्रिंटिंगची कामं हाताळणाऱ्या एका प्रोग्रामच्या नोंदी चाळल्या. १३२ चुकांमध्ये पक्की निघाली फक्त एक.

म्हणून जोडीदार वाचतो. तो दुसऱ्या प्रोसेसरवर, थोड्या वेगळ्या क्षणी, थोड्या वेगळ्या परिस्थितीत काम उचलतो, आणि ती निसटती चूक पुन्हा उमटत नाही.

आता या शोधाची दुसरी बाजू बघा. जी चूक पुन्हा उमटत नाही म्हणून यंत्र वाचतं, ती चूक पुन्हा उमटत नाही म्हणूनच प्रयोगशाळेत सापडत नाही. 'परत झालं तर बघू' हे तिच्या बाबतीत चालतच नाही. ती परत येईल ते सहा महिन्यांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बँकेत. तिला पाहिलेला साक्षीदार एकच, तो थांबलेला प्रोसेसर. त्याची मेमरी पुसणं म्हणजे एकुलत्या एका साक्षीदाराला घरी पाठवणं.

मला इथे एक हवालदार आठवतात. उंचावरच्या एका चौकीवर थंडीत जनरेटर बंद पडला. सगळ्यांना घाई, कारण रेडिओच्या बॅटऱ्या त्याच्यावर चार्ज व्हायच्या. कुणीतरी म्हणालं, टाकी रिकामी करा, नवीन डिझेल भरा, चालू होईल. हवालदार म्हणाले, "साहब, पहले कोई हाथ नहीं लगाएगा." त्यांनी फिल्टरखालचं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि उजेडात धरलं. तळाशी पाणी दिसलं. टाकी झटक्यात ओतून दिली असती तर जनरेटर तासभर आधी चालू झाला असता. पण शेजारी रचलेल्या बॅरलमध्येही पाणी आहे हे आम्हाला कळलं नसतं, आणि ते आम्ही त्याच्यात पुन्हा ओतलं असतं. त्या बाटलीला मी आजही डंपच म्हणतो. फरक एवढाच की आमचा तो एक तास निभावण्यासारखा होता. प्रत्येक वेळी तो तसा असेलच असं नाही.

म्हणून मी त्या ऑपरेटरला सरसकट 'आधी डंपच घे' असं सांगणार नाही. कमांडरला परिस्थिती बघावी लागते. उरलेले प्रोसेसर ठणठणीत आहेत का, कामाचा भार किती, दिवस कोणता. पण निर्णय कोणताही असो, तो आधी ठरलेला आणि लिहून ठेवलेला हवा. रात्री दोन वाजता, एकट्या माणसाने, घाबरून घेतलेला नको. ४२ टक्क्यांचा धडा मला तरी हाच दिसतो.

मुंबईतल्या दोन शाळा

टँडेम एकटी नव्हती. १९८० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम फॉस्टर यांनी स्ट्रॅटस ही कंपनी काढली. तिची तऱ्हा निराळी. एका बोर्डवर दोन प्रोसेसर तंतोतंत तेच काम करतात आणि उत्तरं सतत पडताळली जातात. जरा फरक पडला की अख्खा बोर्ड स्वतःहून बाहेर, लाल दिवा लागतो, आणि जुळ्या बोर्डवर काम तसंच पुढे चालू. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. यंत्र स्वतःच कंपनीला फोन करतं, आणि नवा बोर्ड कुरिअरने दारात आल्यावर गिऱ्हाइकाला कळतं की काहीतरी बिघडलं होतं. हार्डवेअरसाठी ही पद्धत फार सुरेख. पण सगळेच प्रोसेसर एकाच क्षणी तोच हुकूम पाळत असल्यामुळे, सॉफ्टवेअरची निसटती चूक आलीच तर ती सगळ्यांना एकदमच गाठते.

गंमत म्हणजे या दोन्ही शाळा आपल्या मुंबईत समोरासमोर आल्या. १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार पडद्यावर सुरू झाले ते स्ट्रॅटसच्या यंत्रावर. १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटवरच्या बॉम्बे स्टॉक एक्स्चेंजने रिंगणातली हातवारे करून चालणारी आरडाओरड बंद करून 'बोल्ट' ही यंत्रणा आणली, ती टँडेमवर. आपल्यापैकी कुणी तेव्हा इंदूरहून, बडोद्याहून किंवा हैदराबादहून शेअर घेतले असतील, तर आपला सौदा या दोहोंपैकी एका घराण्याच्या यंत्रातून गेलेला असणार.

तीस वर्षांनी सुटलेला पेच

आता शेवटचा टप्पा. टँडेम १९९७ मध्ये कॉम्पॅकने घेतली आणि २००२ मध्ये कॉम्पॅकला एचपीने. म्हणजे ट्रेबिग जिथून बाहेर पडले होते, तिथेच त्यांची कंपनी फिरून पोचली. आतले प्रोसेसर अनेकदा बदलले, पण जोडीदार, चेकपॉइंट आणि 'मी जिवंत आहे' हा निरोप टिकून राहिला.

२००५ च्या सुमाराला एचपीने इटॅनियम प्रोसेसरवर नॉनस्टॉपची नवी रचना आणली. तीत एक प्रोसेसर म्हणजे प्रत्यक्षात दोन किंवा तीन चिप, तेच काम करणाऱ्या आणि उत्तरं पडताळून घेणाऱ्या. एका परीने स्ट्रॅटसची शाळा टँडेमच्या घरात आली. आणि याच रचनेने आपला जुना पेच सोडवला. असा प्रोसेसर थांबला की रीलोड देताना त्यातली एक चिप बाजूला ठेवता येते. बाकीच्या चिपा लगेच कामाला लागतात, यंत्र दोन्ही पायांवर येतं, आणि बाजूला ठेवलेल्या चिपेच्या मेमरीतून डंप सावकाश घेता येतो. डंप झाला की तीही परत रांगेत.

आधी साक्ष की आधी रीलोड, या प्रश्नाला यंत्र बांधणाऱ्यांनी शेवटी 'दोन्ही' असं उत्तर दिलं. पण त्यासाठी साक्ष मोलाची आहे हे त्यांना आधी मान्य करावं लागलं. साक्षीला किंमत नसती, तर एक चिप बाजूला ठेवायची सोय करण्याचा खर्च कुणी केलाच नसता.

आज आपल्या खिशातला फोन अडकला की आपण बंद करून चालू करतो. मोठमोठ्या यंत्रणाही आता पडलेला प्रोग्राम आपोआप पुन्हा उभा करतात, सेकंदभरात. सोय मोठीच आहे. फक्त ज्यांच्याकडे रुग्णालयाची, रेल्वेची, बँकेची किंवा विजेची यंत्रणा आहे अशी जी मंडळी हे ऐकत किंवा वाचत असतील, त्यांनी आपल्या केंद्रात एकदा विचारून बघावं : आपल्याकडे काही थांबलं, तर ते पुन्हा चालू करण्याआधी नोंद कोण घेतं, ती कुठे ठेवतो, आणि ती कुणी वाचतं का? उत्तर लगेच आलं तर उत्तम. नाही आलं तर पुढच्या ड्यूटीच्या आत एक पानभर हुकुमांचा क्रम लिहून भिंतीवर लावा.

पुढच्या भागात आपण विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा इतिहास बघू. साक्ष जपण्याचीच गोष्ट, पण आकाशातली. तोवर तुमच्या कामातले असे अनुभव खाली जरूर लिहा, मी सगळे वाचतो.

जय हिंद!